घारपुरेबाईंच्या गाडीतला आवाज

"आत्ता! हा बघा, आत्ता आला," घारपुरेबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा दंडच धरला.

मी बॉनेटखाली आणखी वाकलो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली. सकाळचे पावणेसात झाले होते, मिरजेत डिसेंबरची थंडी होती, इंजिन नुकतंच चालू केलेलं. टॅपेट एका लयीत वाजत होते. टायमिंग चेनवर टेकवून ऐकलं, डायनामोवर टेकवून ऐकलं. सगळं ठाकठीक.

"न्हाई बाई," मी म्हणालो.

"असं कसं म्हणता? चिमणीचं पिल्लू चोच वासून ओरडतं ना, तस्सा आवाज. चिर चिर चिर. इंजिन थंड असताना पाच मिनिटं येतो, मग थांबतो. नीट ऐका ना केरबा."

मी पुन्हा नीट ऐकलं. खरं सांगतो, अंगचोरपणा केला नाही. बाईंच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि त्यावर पुण्याहून त्यांचा मुलगा शिरीष बोलत होता. फोनचा आवाज त्यांनी मोठा केला होता.

"मिस्त्री, आहे का आवाज?"

"इंजिनाचा हाय साहेब. दुसरा न्हाई."

"बघ आई, मलाही काही ऐकू येत नाहीये."

"तुला पुण्यात बसून काय ऐकू येणार? मी केरबांना विचारतेय." बाई माझ्याकडे वळल्या. "केरबा, शेवटचं सांगा. आहे की नाही?"

त्या 'शेवटचं'मध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं होतं. यजमान, घारपुरे डॉक्टर, गेल्यापासून दोन वर्षं बाई त्या बंगल्यात एकट्या राहत होत्या. मुलाला ते पसंत नव्हतं. त्यातून बाई त्याला फोनवर कधी म्हणायच्या, माळ्यावर टाकीत रात्रभर थेंब पडतो. कधी म्हणायच्या, फाटकाची कडी कुणीतरी वाजवतं. टाकी बघायला प्लंबर आला, त्याला थेंब सापडला नाही. कडी वाजवणारा सापडणार तरी कुठून? मग आला हा गाडीतला आवाज. पुण्यातल्या कुणा डॉक्टरांनी शिरीषला सांगितलं होतं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना असे भास व्हायला लागतात आणि पुढे ते वाढत जातात. माय-लेकांचं वाजलं, आणि त्या रागात बाईंनी पैज लावली. केरबा मिस्त्रीनं ऐकावं. आवाज आहे म्हणाला, तर मला पुण्याला न्यायचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही म्हणाला, तर मी घर बंद करून पुण्याला येते.

मिरजेतलं आपलं राहणं बाईंनी माझ्या कानावर पणाला लावलं होतं.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "असता तर मला आला असता."

बाईंनी माझा दंड सोडला. फोनवर शिरीष मऊपणानं म्हणाला, "आई, मी रविवारी... नाही, पुढच्या रविवारी टेंपो घेऊन येतो. सावकाश आवर." बाईंनी हं म्हटलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि फडक्यानं बॉनेटवरचे माझ्या बोटांचे डाग पुसून टाकले.

"चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. पण चहा ठेवायला त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत, तेव्हा मी फाटक लावून निघालो.

माझ्या कानाबद्दल आता सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कोण लागून गेला.

मिरज हे कानाचं गाव आहे. सतार, तंबोरे इथं बनतात, आणि तारेतला केसाएवढा फरक ओळखणारी माणसं इथं गल्लीत पान खाताना भेटतात. अशा गावात मला 'कानवाला केरबा' म्हणायचे. उगाच नाही. जीप रस्त्यावरून नुसती गेली, तरी तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळालाय हे मी गॅरेजात बसून सांगायचो. माझे उस्ताद नेमिनाथअण्णा यांनी मला एकच नियम शिकवला होता. कानानं जागा दाखवल्याशिवाय पाना लावायचा नाही. आवाज आहे म्हणून चार नट खोलून बघणारा तो कसाई, मिस्त्री नव्हे, असं अण्णा म्हणायचे. तीस वर्षं मी तो नियम पाळला. हात नंतर, कान आधी.

घारपुरे डॉक्टरांची गाडी तर मी अण्णांच्या हाताखाली असल्यापासून बघत होतो. दोन माणसांची, बिनछपराची, गडद हिरवी विलायती गाडी. उभी असली की जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि धावायला लागली की अर्जुनवाडच्या रस्त्यावरची कुत्री पाठलाग सोडून बसून राहायची. डॉक्टरांनी ती एका संस्थानिकाच्या वारसाकडून घेतली होती. त्यांच्याशेजारच्या सीटवर बाई एकतीस वर्षं बसल्या. डॉक्टर गेल्यावर अडुसष्टाव्या वर्षी त्या उजवीकडच्या सीटवर सरकल्या आणि दर रविवारी डोक्याला रुमाल बांधून कृष्णाघाटापर्यंत स्वतः चालवत जायला लागल्या. गाव हसलं. त्यांनी हसू दिलं.

तेव्हा मला बाईंचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनात आणखी एक गोष्ट होती, तीही कबूल करतो. थोडा रागही आला होता. त्यापूर्वी दोन खेपेला मी त्यांच्या सांगण्यावरून खरोखरच पिल्लू शोधलं होतं. बॅटरी मारून रेडिएटरमागं, डॅशबोर्डखाली घरटं आहे का बघितलं होतं. गॅरेजातली पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मला जे ऐकू येत नाही ते गाडीत आहे, असं एक बाई सांगते म्हणजे काय?

माझं स्वतःचंही एकट्याचंच चाललं होतं. शेवंता, माझी बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी हुबळीला दिलेली. तिचा फोन यायचा, पण ती तोंडातल्या तोंडात बोलायची, मग मी 'बरं, बरं' करून ठेवून द्यायचो. गॅरेजात पोरंही हल्ली आपसातच बोलायची. वय झालं की माणसं टाळतात, असा मी हिशोब लावला होता. संध्याकाळी शटर ओढलं की शेजारच्या इस्माईलभाईंच्या दुकानात जाऊन बसायचं. ते तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतली बारीक झणझण, लावत असायचे. तारांखालच्या घोडीवर सूत सरकवत, एक एक तार छेडत. मी चहा पीत 'व्वा' म्हणायचो. दिवसाकाठी माझं कुणाशी बोलणं व्हायचं ते एवढंच.

शुक्रवारी बाई गाडी घेऊन स्वतः गॅरेजात आल्या.

"पुण्याला गिऱ्हाईक मिळालंय," त्या म्हणाल्या. "शिरीषनं बघितलंय. जुन्या गाड्या जमवणारा कुणीतरी आहे. परवा टेंपोबरोबर ही पण जाईल. ऑईल वगैरे बदलून द्या."

"आनि बाकी काय बघू?"

मी सहज विचारलं. बाईंनी जरा थांबून माझ्याकडे पाहिलं.

"बाकी काही नाही. तुम्ही म्हणाल तशी आहे गाडी."

किल्ली टेबलावर ठेवून त्या चालत गेल्या. त्यांना कधी चालत जाताना मी पाहिलं नव्हतं. पाठीमागून त्या फारच लहान दिसत होत्या.

शनिवारी सकाळी सात वाजता मी गॅरेज उघडलं. ऑईल गरम झाल्यावर चांगलं निघतं, म्हणून गाडी चालू केली आणि डबा शोधायला आत गेलो. बाहेर येतो तो इस्माईलभाई दारात उभे. त्यांच्या एका हातात चहाची किटली, दुसरा हात कानावर.

"बंद कर बाबा ते आधी!"

"का? काय झालं?"

"काय झालं म्हणजे? कानात सुई घालायलंय कुणीतरी. चिर चिर चिर. सकाळ सकाळ."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, बाईंनी यांना सांगितलं असेल आणि हे माझी थट्टा करताहेत. इस्माईलभाई थट्टेखोरच होते.

"भाई, बाई भेटल्या व्हय तुमाला?"

"कुठल्या बाई?" ते गाडीजवळ आले, मान वाकडी केली. "हितनं येतोय. पंख्यापाशी. तुला ऐकू येईना?"

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, कानाला लावला. टॅपेट वाजत होते. चेन वाजत होती. पंख्याचा वारा लागत होता.

"आता थांबला बघ," इस्माईलभाई म्हणाले.

माझ्यासाठी काहीच थांबलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं. इस्माईलभाईंनी माझा चेहरा बघितला आणि किटली खाली ठेवली.

"चल दुकानात," ते म्हणाले.

त्यांनी मला गादीवर बसवलं, एक तयार तंबोरा उचलला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "मी तार छेडतो. एकदा घोडीवर सूत ठेवून, एकदा काढून. जवारी कवा हाय आनि कवा न्हाई, एवढंच सांग. लहान पोर बी सांगतंय."

तार वाजली. "आता?" "हाय." पुन्हा वाजली. "आता?" मला तोच सूर आला. मी म्हणालो, "हाय." तिसऱ्यांदा. तोच. चौथ्यांदा मी अंदाजानं 'न्हाई' म्हणालो. सूत आहे की नाही हे मला त्यांच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखावं लागतंय, हे माझ्या लक्षात आलं.

इस्माईलभाईंनी तंबोरा हळूच भिंतीला टेकवला.

"मोठा आवाज येतोय तुला. खालच्या पट्टीतला येतोय. बारीक गेलाय," ते म्हणाले. मग जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "तीन-चार वर्सं झाली, जवारी लागली तरी तू 'व्वा' म्हणतोस, बिघडली तरी 'व्वा' म्हणतोस. मला वाटायचं, मित्राचं मन राखतोय. गाढवापुढं गीता वाचत होतो म्हणायचं मी."

एरवी मी हसलो असतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसा कानवाला केरबा! पण मला शेवंता आठवली होती. आजारात तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. 'हाका मारते, तुमी वळून बगत न्हाई,' असं ती दोन-तीनदा म्हणाली. मी म्हणालो होतो, तू हाकच मारली नाहीस. पुढं पुढं तिनं हाक मारायचं सोडलं. भांड्यावर चमचा वाजवायची तेवढी. मला वाटायचं, दुखण्यानं चिडकी झालीय. ती गेली तेव्हा मी तिच्याशेजारीच पेपर वाचत बसलो होतो. ती काही बोलली होती का, हे मला आजही माहीत नाही.

मी इस्माईलभाईंच्या दुकानात बसून रडलो. ते समोर बसून राहिले.

मग मी उठलो, गॅरेजात आलो आणि तीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. कानाला न विचारता हात घातला. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं. अर्धं बोट खेळ होता! त्या गाडीचा पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावरच बसवलेला असतो. पंपाची बेअरिंग खलास झाली होती. खालच्या भोकातून पाणी झिरपून गंजाचा ओघळ आला होता. थंड असताना कोरडी बेअरिंग ओरडायची, तापली की गप्प व्हायची. आणखी काही रविवार बाई तशाच घाटावर गेल्या असत्या, तर एक दिवस पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसला असता. लहान पोरानं पातं हलवलं असतं तरी त्याला कळलं असतं. मी तीन खेपा कान लावून बसलो होतो.

"नवा पंप घालून टाक," इस्माईलभाई दारातून म्हणाले. "गाडी उद्या जाईल. कुणाला कळायचं न्हाई. मी काय बोलायचा न्हाई, अल्लाची शपथ."

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. मिस्त्रीला ऐकू येत नाही ही बातमी मिरजेत फिरली, तर माझ्याकडे गाडी कोण आणणार? दिवसभर मी तो विचार केला. पंप खोलून टेबलावर ठेवला होता. दांडा बोटानं हलवला की लुडलुडायचा. रात्री मेसमध्ये जेवायला गेलो नाही.

रविवारी सकाळी मी पंप फडक्यात गुंडाळला आणि बंगल्यावर गेलो.

टेंपो फाटकातच उभा होता. गाद्या, कपाट, डॉक्टरांचं टेबल वर चढलं होतं. शिरीष हमालांना सांगत होता, दोरी नीट आवळा. उंच, वडिलांसारखाच, पण थकलेला. बाई व्हरांड्यात एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या होत्या. अंगात स्वेटर, पायांत बूट, मांडीवर पर्स. स्टेशनवर गाडीची वाट बघत बसावं तशा.

"मिस्त्री, गाडी आणली नाहीत?" शिरीष म्हणाला.

"न्हाई साहेब. जरा हितं या."

मी व्हरांड्याच्या पायरीवर फडकं सोडलं, पंप त्याच्या हातात दिला. "दांडा हलवून बघा."

त्यानं हलवला. "सैल आहे. मग?"

"सैल नसतो तो. ह्यातनं आवाज येत होता. चिर चिर. बाई म्हनत होत्या तोच."

शिरीषनं आधी पंपाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "पण तुम्हीच म्हणालात, नाही म्हणून. माझ्यासमोर. फोनवर."

"व्हय. मला आला न्हाई." तोंडातून शब्द निघेना, पण एकदा निघाला आणि मग निघतच गेला. "मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई साहेब. कवापासनं, ते बी ठाव न्हाई. काल कळलं. बाईंना ऐकू येत होतं आनि मी बहिरा हाय. मी नुसतं मला येत न्हाई एवढंच म्हनायला पायजे होतं. मी म्हनलो, आवाजच न्हाई."

हमाल दोरी धरून ऐकत उभे होते. त्यांतला एक आमच्याच गल्लीतला होता. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे मला दिसत होतं.

शिरीष बराच वेळ पंपाचा दांडा हलवत राहिला. मग आईकडे न बघताच म्हणाला, "टाकीचं काय होतं मग?"

"थेंबच पडत होता," बाई म्हणाल्या. "प्लंबर दुपारी आला होता. नळ चालू असताना."

"आणि कडी?"

"कडीचं मला माहीत नाही. कडीच्या बाबतीत चूक माझी असेल." त्या ट्रंकेवरून उठल्या नाहीत. "पण पैज गाडीची होती, शिरीष."

पंप त्यानं पायरीवर अगदी सांभाळून ठेवला, काचेचा असल्यासारखा. खाली गेला आणि हमालांना म्हणाला, "टेबल आधी उतरवा. बाबांचं आहे, जपून." हमालांनी कुरकुर केली, तसा तो स्वतः टेंपोत चढला.

व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो. बाईंनी मला समोरच्या पायरीवर बसायला सांगितलं. मी बसलो. आता चिडतील, बोलतील, अशी मी वाट बघत होतो. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थोड्या पुढे वाकल्या आणि मला स्पष्ट ऐकू यावं अशा सावकाश, खालच्या पट्टीत बोलायला लागल्या. माझ्याशी असं बोलणाऱ्या त्या पहिल्याच.

"केरबा, तुम्हाला हे कळलं, तेव्हा जवळ कुणी होतं का?"

"इस्माईलभाई होते."

"मग बरं झालं," बाई म्हणाल्या. "अशा वेळी कुणीतरी पाहिजे. तुम्ही आवाज नाही म्हणालात ना, त्या दिवशी मला वाटलं, खरंच आपलं डोकं गेलं. इतकी भीती मला हे गेले तेव्हाही वाटली नव्हती. आणि तेव्हा जवळ कुणीच नव्हतं."

त्या सकाळी त्यांनी माझा दंड धरला होता. मी तिथंच होतो, त्यांच्यापासून हातभर अंतरावर.